कात्रणवहीतले शिक्षण : जनसंपर्क व्यवसायातील उमेदवारीचा इतिहास

जनसंपर्क व्यवसायाचा इतिहास बहुधा त्याच्या संस्थापकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. परंतु हा व्यवसाय एका पिढीकडून दुसरीकडे कसा गेला हे समजून घ्यायचे असेल, तर संस्थेतील सर्वांत कनिष्ठ जागेकडे, म्हणजे आज ज्याला इंटर्न म्हणतात आणि पूर्वी ज्याला उमेदवार किंवा शिकाऊ म्हणत त्याच्याकडे पाहावे लागते. जाहिरात संस्था वर्तमानपत्रातील जागा पैसे मोजून विकत घेते. जनसंपर्क संस्थेला मात्र आपल्या ग्राहकाविषयीचा मजकूर बातमी म्हणून छापण्याजोगा आहे हे संपादकाला पटवून द्यावे लागते, आणि ती जागा विकत मिळत नसल्यामुळे बातमी कशाला म्हणावे याची पारख हेच या व्यवसायाचे मूळ भांडवल ठरते. ही पारख पाठ्यपुस्तकातून येत नाही, म्हणून ती कामावरच शिकावी लागली.

अमेरिकेत १९०० साली बोस्टन येथे ‘पब्लिसिटी ब्युरो’ स्थापन झाला, तेव्हा या कामासाठी लागणारी माणसे वर्तमानपत्रांतूनच आली. या व्यवसायाच्या संस्थापकांत गणले जाणारे आयव्ही ली हेही मूळचे न्यूयॉर्कचे बातमीदार. १९०६ साली त्यांनी काढलेल्या तत्त्वनिवेदनात आपले काम उघडपणे चालते आणि आपण जाहिरात नव्हे तर वृत्त पुरवतो, अशी भूमिका मांडलेली होती. त्या पिढीला वेगळ्या उमेदवारीची गरज नव्हती, कारण त्यांची उमेदवारी वृत्तपत्राच्या कचेरीत आधीच झालेली असे. विद्यापीठीय शिक्षण नंतर आले : जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा पहिला अभ्यासक्रम शिकवला आणि १९४७ साली बोस्टन विद्यापीठात जनसंपर्काची स्वतंत्र शाखा उभी राहिली. पत्रकारितेचा अनुभव नसलेले तरुण या व्यवसायात येऊ लागले ते त्यानंतर, आणि त्यांना वृत्तपत्रीय दृष्टी देण्याचे काम संस्थांच्या अंगावर पडले.

भारतातील, विशेषतः मुंबईतील, क्रम याहून फारसा वेगळा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारने नेमलेल्या केंद्रीय प्रसिद्धी मंडळाची धुरा ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅन्ले रीड यांच्याकडे होती, म्हणजे सरकारी प्रसिद्धीची सुरुवातही संपादकाच्या हातूनच झाली. उद्योगक्षेत्रात टाटा समूहाने १९४३ साली मुंबईत स्वतःचा जनसंपर्क विभाग काढला, तो देशातील अशा आरंभीच्या विभागांपैकी एक. १९५८ साली ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली आणि २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीतील पहिल्या अखिल भारतीय परिषदेत तिने अथेन्सची आचारसंहिता स्वीकारली. १९६५ साली आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने मान्य केलेली ही संहिता मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर आधारलेली असून, अन्य गरजांपुढे सत्य दुय्यम ठरवू नये आणि सिद्ध न झालेली माहिती पसरवू नये, असे बंधन ती व्यावसायिकावर घालते. त्या काळी जनसंपर्क म्हणजे मुख्यतः कारखान्यातील, बँकेतील किंवा सरकारी उपक्रमातील एक विभाग होता आणि तिथला नवा माणूस गृहपत्रिका, म्हणजे संस्थेचे अंतर्गत नियतकालिक, संपादित करता करता काम शिकत असे.

स्वतंत्र जनसंपर्क संस्थांची वाढ झाली ती १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर. १९९२ साली भांडवली रोख्यांवरील सरकारी नियंत्रण उठले, समभागाची किंमत ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली, आणि आजवर ज्यांनी वृत्तपत्रांशी बोलण्याची गरज मानली नव्हती अशा उद्योगांना गुंतवणूकदारांपुढे स्वतःची ओळख करून देणे भाग पडले. दिल्लीत ‘जेनेसिस’ व ‘परफेक्ट रिलेशन्स’ यांसारख्या संस्था १९९२ साली निघाल्या. मुंबईत शेअर बाजार आणि आर्थिक दैनिके एकाच शहरात असल्यामुळे आर्थिक जनसंपर्काची वेगळी शाखाच विकसित झाली. माणसांची मागणी इतकी वाढली की वृत्तपत्रांतून येणारे पुरेनात, आणि झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, भारतीय विद्या भवन, पुण्यातील सिम्बायोसिस, पुढे मुंबई विद्यापीठाच्या मास मीडिया पदवीचे वर्ग येथील विद्यार्थी एक-दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी या कचेऱ्यांत दाखल होऊ लागले.

त्यांचे काम बाहेरून पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटे, आणि ते तसे नव्हते हे ठासून सांगणे आवश्यक आहे. दिवसाची सुरुवात कात्रणांनी होई. इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती दैनिकांचा गठ्ठा समोर घेऊन ग्राहकाचा, त्याच्या स्पर्धकाचा आणि त्या उद्योगाचा उल्लेख शोधायचा, मजकूर कापायचा, कोऱ्या कागदावर चिकटवून वर वृत्तपत्राचे नाव, तारीख, आवृत्ती व पान लिहायचे, आणि ग्राहकाच्या कचेरीत साहेब येण्याआधी तो संच पोहोचवायचा, असा हा नेम होता. कात्रणे पुरवण्याचा धंदा लंडन व न्यूयॉर्क येथे १८८० च्या दशकातच रूढ झाला होता. मुंबईत हे काम करणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याभरात जे कळे ते वर्गात वर्षभरात कळत नसे : कोणत्या दैनिकाला आकडे हवे असतात आणि कोणत्याला माणसे, कोणता बातमीदार कोणत्या क्षेत्राचे वार्तांकन करतो, सोमवारचे पान का रिकामे असते, एकच प्रसिद्धिपत्रक इंग्रजी दैनिकात दोन ओळींत का संपते आणि मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत तीन स्तंभांत का येते.

कात्रणानंतर मोजमाप येई. छापलेल्या मजकुराची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिला स्तंभांच्या संख्येने गुणायचे आणि आलेल्या स्तंभ-सेंटिमीटरना त्या वृत्तपत्राच्या जाहिरातदराने गुणून, एवढी जागा विकत घेतली असती तर किती खर्च आला असता, तो आकडा अहवालात लिहायचा, अशी ही रीत होती. बातमी जाहिरातीपेक्षा अधिक विश्वसनीय असते या समजुतीने हा आकडा कधी दुप्पट किंवा तिप्पटही केला जाई. या पद्धतीचा दोष उघड आहे : टीकेच्या बातमीलाही ती रुपयांत मोल लावते, आणि वाचकाच्या मनात काय उतरले याविषयी एक अक्षरही सांगत नाही. २०१० साली बार्सिलोना येथे मोजमापविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने जाहिरातमूल्य हे जनसंपर्काचे मूल्य नव्हे असे तत्त्व मान्य केले. शिकाऊ हात पट्टी घेऊन ज्या आकड्यासाठी राबत होते तो आकडाच पोकळ होता, ही या उमेदवारीच्या इतिहासातील खेदाची गोष्ट मानावी लागेल.

तिसरे काम दूरध्वनीचे. प्रसिद्धिपत्रक फॅक्सने किंवा माणसाकरवी पाठवल्यावर प्रत्येक वृत्तपत्राला फोन करून ते मिळाले का, पत्रकार परिषदेला कोणी येणार का, हे विचारायचे. या पाठपुराव्याला कचेरीत ‘फॉलो-अप’ म्हणतात. संध्याकाळी अंक लावण्याच्या घाईत असलेल्या उपसंपादकाला फोन केला तर काय ऐकावे लागते, हे एकदा अनुभवल्यावर बातमीदाराची वेळ सांभाळण्याचे भान आयुष्यभर टिके. नकार ऐकण्याची सवय आणि मजकूर बातमीच्या लायकीचा नसेल तर तसे ग्राहकाला सांगण्याचे धैर्य ही या व्यवसायातील दोन अवघड कौशल्ये असून, त्यांतील पहिले या फोनवर शिकता येई. दुसरे मात्र वरिष्ठ ते करताना दिसले तरच शिकता येते, आणि ते सर्वत्र दिसत नव्हते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रकार उजेडात आला आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. मिळवलेली प्रसिद्धी आणि विकत घेतलेली प्रसिद्धी यांतील सीमा पुसली जाण्याचा धोका त्यातून ठळक झाला, आणि या सीमेचे भान उमेदवारीच्या काळात आले नाही तर ते नंतर येणे कठीण असते.

इंटरनेटवरील शोधसेवा आल्यावर कात्रणे आपोआप जमू लागली, प्रसिद्धिपत्रके ईमेलने आणि पुढे व्हॉट्सॲपने जाऊ लागली, आणि इंटर्नच्या वाट्याला याद्या अद्ययावत करणे, समाजमाध्यमांतील उल्लेख टिपणे व सादरीकरणाची पाने सजवणे ही कामे आली. वेग वाढला, चुका कमी झाल्या. पण रोज सकाळी संपूर्ण वर्तमानपत्र वाचण्याची सक्ती गेली आणि तिच्याबरोबर ग्राहकाच्या नावापलीकडचे जग नजरेखालून जाण्याची संधीही गेली. ही हानी खरी आहे, आणि ज्या संस्था आजही नवागतांकडून रोज किमान दोन दैनिके वाचून घेतात त्यांचे धोरण योग्य आहे.

मोबदल्याचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली रेल्वेच्या प्रशिक्षणार्थींच्या खटल्यात, स्वतःच्या लाभासाठी शिकणारे हे कामगार ठरत नाहीत, असा निर्णय दिला, आणि विनावेतन इंटर्नशिपचे समर्थन पुढे अनेक दशके त्याच आधारावर होत राहिले. मात्र ज्या शिकाऊच्या कामाचा अहवाल ग्राहकाला बिलासह जातो, त्याच्या श्रमाचा लाभ संस्थेला होत नाही असे म्हणता येत नाही. भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा प्रथम कारखान्यातील कौशल्यांपुरता विचार करून आला. २०१४ च्या दुरुस्तीने तो अभियांत्रिकेतर पदवीधरांपर्यंत पोहोचला, आणि २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक करून पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले. हे विद्यावेतन नोंदणीकृत करारावरच मिळते. महाविद्यालयाच्या पत्रावर एक-दोन महिन्यांसाठी येणारा विद्यार्थी त्या कराराबाहेर राहतो आणि त्याला काही द्यायचे की नाही, हे आजही संस्थेच्या मर्जीवर अवलंबून आहे.