घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्यांना ‘सुट्टी’ मिळते का?

अंथरुणाला खिळलेले सासरे, डिमेन्शिया झालेली आई किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा. अशा घरात एक माणूस कायम ड्युटीवर असतो. औषधं, अंघोळ, डायपर, रात्रीची जागरणं, सगळं त्याच्याकडेच. पगार नाही आणि रविवारही नाही.

बहुतेकदा ही जबाबदारी बाईवर येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार, १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेतात आणि त्यात दिवसाला १४० मिनिटं देतात. पुरुषांचं प्रमाण २१.४ टक्के आणि वेळ ७४ मिनिटं. यात मुलांचा सांभाळही धरला आहे.

विसावा सेवा म्हणजे काय?

काळजी घेणाऱ्याला थोडा वेळ मोकळं करण्यासाठी दुसऱ्या कुणी जबाबदारी घेणं, म्हणजे विसावा सेवा किंवा ‘रेस्पाइट केअर’. काही तासांसाठी घरी येणारी प्रशिक्षित व्यक्ती, डे केअर केंद्र किंवा काही दिवसांचा निवास, असे तिचे प्रकार आहेत. तेवढ्या वेळात स्वतःची तपासणी, बँकेचं काम किंवा नुसती सलग झोप होते.

ही चैन नाही. रुग्णाला उचलून कंबर गेली किंवा झोपेअभावी औषधाची वेळ चुकली, तर त्रास दोघांनाही होतो.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे पालक आणि कुटुंबीयही ‘काळजीवाहक’ ठरतात. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही त्यात आहे. पण अशा योजना सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आखायच्या आहेत. त्यामुळे कायद्यात नाव आलं, तरी हातात मदत येईलच असं नाही.

मदत कुठे विचारायची?

• नॅशनल ट्रस्ट: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. ‘दिशा-कम-विकास’ योजनेत डे केअर, ‘समर्थ-कम-घरौंदा’मध्ये निवासी सेवा, तर ‘निरामय’मध्ये १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. केंद्रं सगळीकडे नाहीत, त्यामुळे जवळचं केंद्र आधी शोधावं लागतं.

• एल्डरलाइन, १४५६७: ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन. वृद्धाश्रम, डे केअर, योजना यांची माहिती कुटुंबीयही विचारू शकतात.

• टेली-मानस, १४४१६: मानसिक आरोग्यासाठी २४ तास मोफत हेल्पलाइन. काळजी घेणारी व्यक्ती स्वतःच खचली असेल, तर तिनेही इथे बोलावं.

• स्वमदत गट: पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन रुग्णांच्या कुटुंबीयांसाठीही काम करते.

रुग्णाला दुसऱ्याकडे सोपवण्यापूर्वी

औषधांच्या वेळा, ॲलर्जी, जेवणाच्या सवयी, रुग्ण कशाने घाबरतो आणि डॉक्टरांचा नंबर हे सगळं एका कागदावर लिहून द्या. केंद्र स्वतः पाहा. रात्री किती कर्मचारी असतात, तब्येत बिघडल्यास कुठे नेतात, हे विचारा. सुरुवात दोन-तीन तासांपासून करा.

केंद्र जवळ नसेल, तर घरातल्या घरात पाळी लावता येते. दुसऱ्या शहरातल्या भावाने पैसे पाठवण्यासोबत महिन्यातले दोन दिवस येऊन आईजवळ राहणं, हीसुद्धा विसावा सेवाच आहे. फक्त ते दोन दिवस आधी ठरलेले हवेत.