मॉरिशसचे स्वातंत्र्य आणि चागोस द्वीपसमूहाचे विलगीकरण : शिवसागर रामगुलाम यांच्या नेतृत्वाचे पुनर्मूल्यमापन

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका खंडांतील वसाहती स्वतंत्र झाल्या. या प्रक्रियेचा अभ्यास करताना इतिहासकारांचे लक्ष प्रामुख्याने मोठ्या देशांकडे गेले. महासागरांतील लहान बेटांच्या वाट्याला मात्र वेगळ्या स्वरूपाचे प्रश्न आले. लोकसंख्या अल्प, अर्थव्यवस्था एका पिकावर अवलंबून आणि सामरिक स्थान मात्र महासत्तांना हवेसे, अशा परिस्थितीत तेथील नेतृत्वाला स्वातंत्र्याच्या वाटाघाटी कराव्या लागल्या. हिंदी महासागरातील मॉरिशस हे याचे ठळक उदाहरण होय. १९६५ साली चागोस द्वीपसमूह मॉरिशसपासून अलग करण्यास रामगुलाम यांनी दिलेल्या संमतीचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिशांनी १८१० मध्ये मॉरिशस फ्रेंचांकडून जिंकले आणि १८१४ च्या पॅरिस तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. सुमारे २२०० किलोमीटर अंतरावरील चागोस द्वीपसमूहाचा कारभार मॉरिशसचा उपप्रदेश म्हणून चालत असे. १८३५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर उसाच्या मळ्यांसाठी भारतातून मोठ्या संख्येने करारबद्ध मजूर नेण्यात आले. कलकत्ता व मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही मजूर गेले. मॉरिशसमधील आजचा मराठी समाज हा त्यांचाच वंशज होय.

या मजुरांच्या वंशजांना राजकीय हक्क फार उशिरा मिळाले. १८८५ च्या राज्यघटनेने मताधिकार मालमत्तेशी जोडल्यामुळे सत्ता फ्रेंच वंशाच्या मळेमालकांच्या हाती राहिली. १९३६ मध्ये मॉरीस क्युरे यांनी मजूर पक्ष स्थापन केला. १९४८ च्या सुधारणांनी बेटावरील भाषांपैकी एखादी साध्या स्वरूपात लिहिता-वाचता येणाऱ्यास मताधिकार दिला. मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांच्या घरात गेली. १९५९ मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९३५ मध्ये परतलेले आणि १९४० पासून विधिमंडळात असलेले शिवसागर रामगुलाम या काळात मजूर पक्षाचे सर्वमान्य नेते ठरले. १९६१ मध्ये ते मुख्यमंत्री झाले.

अंतर्गत मर्यादा

रामगुलाम यांचे नेतृत्व एकसंध राष्ट्राचे नव्हते. भारतीय वंशाचे लोक लोकसंख्येच्या सुमारे दोन तृतीयांश होते. त्यांच्या बहुमताची धास्ती क्रिओल समाजाला व फ्रेंच वंशीयांना वाटत होती. या भीतीस गेतान दुवाल यांच्या पक्षाने राजकीय रूप दिले आणि पूर्ण स्वातंत्र्याऐवजी ब्रिटनशी सहयोगी संबंध व त्यासाठी सार्वमत, अशी मागणी पुढे केली. मे १९६५ मधील जातीय दंगलींमुळे ब्रिटिश सैन्यास पाचारण करावे लागले. निर्यातीचे उत्पन्न जवळजवळ सर्वस्वी साखरेवर अवलंबून होते आणि त्या साखरेस भाव देणारी बाजारपेठ ब्रिटनचीच होती. संरक्षण, व्यापार आणि अंतर्गत शांतता या तिन्ही बाबतींत ज्याच्यावर अवलंबून राहायचे त्याच्याशीच वाटाघाटी करण्याची वेळ या नेतृत्वावर आली होती.

लँकेस्टर हाऊस परिषद, सप्टेंबर १९६५

मॉरिशसच्या भवितव्याविषयीची घटनापरिषद ७ ते २४ सप्टेंबर १९६५ या काळात लंडनमध्ये भरली. त्याच सुमारास अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळासाठी बेटे हवी होती आणि ब्रिटनने चागोसची निवड केली होती. परिषदेच्या पटलावर घटनात्मक प्रश्न होते. चागोसचा प्रश्न मात्र स्वतंत्र, खासगी बैठकांत हाताळला गेला.

२३ सप्टेंबर रोजी सकाळी पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी रामगुलाम यांची भेट घेतली. पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांत या भेटीपूर्वी विल्सन यांना देण्यात आलेले टिपण उपलब्ध आहे. स्वातंत्र्य मिळेल ही आशा आणि चागोसबाबत समंजसपणा न दाखविल्यास ते न मिळण्याची भीती, अशा दुहेरी भावनेने रामगुलाम यांना वळवावे, असा त्याचा आशय आहे. रामगुलाम स्वातंत्र्य घेऊन किंवा त्याविना परतू शकतात, असे विल्सन यांनी सूचित केले. राजाज्ञेने ही बेटे अलग करता येतील, हेही सांगण्यात आले. त्याच दिवशी दुपारच्या बैठकीत विलगीकरणास तत्त्वतः मान्यता मिळाली. दुसऱ्या दिवशी वसाहतमंत्री अँथनी ग्रीनवुड यांनी मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याचा निर्णय जाहीर केला.

मोबदल्यात ३० लाख पौंड, मासेमारीचे हक्क आणि संरक्षणासाठी गरज संपल्यावर बेटे परत करण्याचे आश्वासन मिळाले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' ही नवी वसाहत अस्तित्वात आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६ डिसेंबर १९६५ च्या ठरावाने मॉरिशसची प्रादेशिक अखंडता भंग न करण्याचे आवाहन केले. त्याचा उपयोग झाला नाही. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत रामगुलाम यांच्या आघाडीने ६२ पैकी ३९ जागा जिंकल्या आणि १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला.

अनुपस्थित पक्ष

या वाटाघाटींत चागोसच्या रहिवाशांचा एकही प्रतिनिधी नव्हता. १९६८ ते १९७३ या काळात नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे दीड हजार लोकांना बेटांबाहेर काढण्यात आले. त्यांतील बहुसंख्य मॉरिशसच्या झोपडवस्त्यांत आले. ब्रिटनने १९७२ मध्ये पुनर्वसनासाठी साडेसहा लाख पौंड दिले. ते रहिवाशांच्या हाती पडण्यास आणखी काही वर्षे लागली.

शेजारच्या सेशेल्सचे उदाहरण येथे बोलके आहे. नव्या वसाहतीत सेशेल्सची अल्दाब्रा, फार्कुहार व देरोश ही बेटेही घेण्यात आली होती. १९७६ मध्ये जेम्स मँचम यांच्या नेतृत्वाखाली सेशेल्स स्वतंत्र झाला, तेव्हा ती त्यास परत मिळाली. तेथे लष्करी तळ उभारला गेला नव्हता. दिएगो गार्सियावर मात्र १९७१ पासूनच तळाचे बांधकाम सुरू होते. म्हणजे दोन नेत्यांच्या वाटाघाटीतील कौशल्यापेक्षा महासत्तेची गरज अधिक निर्णायक ठरली.

मूल्यमापन

रामगुलाम यांच्यावर चागोस विकल्याचा आरोप त्यांच्या विरोधकांनी केला. जून १९८२ च्या निवडणुकीत मॉरिशस बेटावरील सर्व ६० जागा विरोधकांनी जिंकल्या. नव्या विधिमंडळाच्या समितीने विलगीकरणाची चौकशी केली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ च्या सल्लागार मतात, हे विलगीकरण लोकेच्छेच्या मुक्त व खऱ्या अभिव्यक्तीवर आधारलेले नव्हते आणि म्हणून निर्वसाहतीकरणाची प्रक्रिया कायदेशीररीत्या पूर्ण झाली नाही, असे नमूद केले. वसाहतीच्या प्रतिनिधींनी सत्ताधाऱ्यासमोर दिलेल्या संमतीस करार म्हणता येत नाही, हा या मताचा गाभा होय.

तथापि न्यायालयाचे हे मत रामगुलाम यांना सर्वस्वी दोषमुक्त करते, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. प्रदेश सोडण्यामागील सक्ती कागदपत्रांतून सिद्ध होते. त्या प्रदेशातील माणसांविषयीच्या मौनास मात्र तीच सक्ती पुरेसे कारण ठरत नाही. मोबदल्याची रक्कम, साखर व संरक्षण यांविषयी आग्रह धरला गेला, तसा आग्रह रहिवाशांच्या भवितव्याविषयी धरलेला दिसत नाही. बहुसंख्याकांचा प्रतिनिधी म्हणून उभ्या राहिलेल्या नेतृत्वाने एका दूरस्थ, मतहीन अल्पसंख्य समूहाचा विचार नंतरसाठी ठेवला.

समारोप

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी एका करारावर स्वाक्षऱ्या केल्या. चागोसवरील सार्वभौमत्व मॉरिशसकडे सोपविणे आणि दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे ठेवणे, ही त्यातील प्रमुख कलमे. मॉरिशसच्या वतीने स्वाक्षरी करणारे पंतप्रधान नवीन रामगुलाम हे शिवसागर रामगुलाम यांचे पुत्र. या वेळीही अनेक विस्थापितांनी आपल्याला विश्वासात न घेतल्याची तक्रार केली. द्वीपराष्ट्रांच्या निर्वसाहतीकरणाचा इतिहास लिहिताना साम्राज्यसत्ता व राष्ट्रीय नेतृत्व या दोनच पक्षांवर थांबून चालणार नाही. ज्यांच्या भूमीविषयी निर्णय झाला, त्यांना त्या निर्णयात किती स्थान मिळाले, हा निकष नेतृत्वाच्या मूल्यमापनात अग्रभागी असावयास हवा.