परक्या गावाची वेस आणि छातीचा फोटो

आमच्या लहानपणी कवठे महांकाळच्या स्टेशनावरून मिरजेकडे छोटी गाडी जात असे. त्या गाडीने कोणी मिरजेला निघाला, की कोर्टाच्या कामाला, बाजाराला की दवाखान्याला, असे लोक मोकळेपणी विचारीत. परंतु एखाद्याला ‘वानलेसवाडीला नेलंय’ असे कानावर आले, की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नसे. सांगली-मिरज रस्त्यावरचे ते क्षयाचे रुग्णालय. नुसते त्याचे नाव घेतले तरी बायका आवाज खाली आणीत. त्या घरातल्या मुलीच्या लग्नाची बोलणी तेथेच थांबत. क्षयाच्या संशयावरून माणसाला वेशीबाहेर ठेवण्याची रीत आम्ही विलायतेकडून शिकलो, असे कोणी म्हणू नये. ती आपल्या घरात होतीच.

आज आपण पाहणार आहोत ती वेस मोठी आहे. परदेशी कायमचे राहावयास जाणाऱ्याची, किंवा देशोधडीला लागलेल्या निर्वासिताची, छाती तपासूनच त्याला आत घ्यावयाचे, हा नियम जगात कसा आला आणि त्याने माणसांचे काय केले, एवढाच आपला विषय.

आरंभ आपल्याच माणसापासून करू. आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून बोटीने निघून अमेरिकेस पोहोचल्या. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून बारा वर्षे होती. आनंदीबाईंच्या छातीत काय आहे हे बंदरावर कोणी पाहिले नाही. पाहावयास साधनच नव्हते. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही ठरली. त्या परतल्या त्या मात्र क्षयाने खंगलेल्या, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. कोल्हापूरची ती जागा त्यांनी कधी घेतलीच नाही. क्षय गरीब देशातून श्रीमंत देशात जातो असे पुढे जे समीकरण रूढ झाले, त्यापुढे हे उदाहरण ठेवावेसे वाटते. त्या काळी लंडन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया ही क्षयाचीच शहरे होती.

अमेरिकेने 1891 साली किळसवाण्या किंवा धोकादायक सांसर्गिक रोगाच्या माणसाला प्रवेश बंद केला आणि 1907 च्या कायद्यात क्षयाचे नाव स्पष्ट घातले. तरी तपासणी म्हणजे काय? बंदरावर माणसांची रांग चालत असे, डॉक्टर उभा राहून पाहत असे. धापा टाकणारा, खोकणारा, गाल बसलेला दिसला, की त्याच्या कपड्यावर खडूने खूण होई. क्षय तर सुरुवातीला पुष्कळदा चेहऱ्यावर उमटतच नाही. डोळ्याला न दिसणारा रोग पकडण्याचे स्वस्त साधन 1936 च्या सुमारास ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी दिले. त्यांनी क्ष-किरणांच्या पडद्याचेच लहान छायाचित्र घेण्याची युक्ती काढली. एका दिवसात शेकडो माणसांच्या छात्या पाहता येऊ लागल्या. पुढचे महायुद्ध आणि त्यात उखडलेली लाखो माणसे यांच्या तोंडावरच हे साधन हाती आले.

त्या उखडलेल्या माणसांपैकी सुमारे पाच हजार आपल्या शेजारी येऊन राहिली होती. मिरजेहून कोल्हापूरला जाताना वळिवडे स्टेशन लागते. तेथे 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची वसाहत होती. पूर्व पोलंडातून 1940-41 साली रशियनांनी ज्यांना सैबेरिया आणि मध्य आशियात हाकलले, त्यांपैकी जे जगले ते 1942 साली इराणात उतरले. तेथे विषमज्वर आणि हगवण यांनी कित्येक गेले. उरलेल्यांतली ही माणसे कराचीमार्गे वळिवड्यास आली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे. त्यांनी बराकींभोवती फुलझाडे लावली, शाळा काढल्या, चर्च उभारले, दवाखाना चालविला. उपासमारीने पोखरलेल्या छातीत क्षय शिरणार हे उघड होते. ज्यांना त्याचा धोका दिसला त्यांची सोय पाचगणीला केली गेली. डॉ. बिलिमोरियांनी 1912 साली तेथे ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम काढल्यापासून पाचगणीच्या हवेचे नाव झालेच होते. त्या वेळचे औषध म्हणजे हवा, दूध, अंडी आणि अंथरूण. आपल्या साताऱ्याच्या डोंगराने परक्या मुलांच्या छात्या भरून काढावयाचे काम केले, याची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही. वळिवड्याची ती जागा पुढे फाळणीने आलेल्या सिंधी बांधवांना मिळाली आणि तिचे गांधीनगर झाले. आपल्या भागातले लोक लग्नाचे कापड घ्यावयास जातात ते हेच गांधीनगर.

आता पोलिश माणसांना पुढे कोठे तरी जावयाचे होते. काही मायदेशी गेली, पुष्कळ इंग्लंडला आपल्या सैनिक नातलगांकडे गेली. त्याच सुमारास युरोपातल्या छावण्यांत अशीच लाखो माणसे खोळंबली होती. 1947 पासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने दहा लाखांवर माणसांना नवे देश मिळवून दिले. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांचे अधिकारी छावणीत येत, हात-पाय पाहत, फोटो काढवीत. बापाचे हात कामाचे, आई धडधाकट, परंतु एका मुलाच्या फुप्फुसावर सावली, की सबंध कुटुंबाचा अर्ज बाजूला. मग कुटुंबाने ठरवावयाचे : सर्वांनी राहावयाचे, की एकाला आरोग्यधामात ठेवून बाकीच्यांनी बोट धरावयाची? असे मागे राहिलेले हजारो लोक छावण्यांत वर्षानुवर्षे पडून होते. अधिकाऱ्यांच्या भाषेत त्यांना ‘कठीण गाभा’ असे नाव पडले होते. माणसाला गाभा म्हणावयाचे आणि तोही कठीण!

हा फोटो घेणे चूक होते असे आम्ही म्हणत नाही. बोटीच्या तळमजल्यात महिनाभर शेजारी झोपणाऱ्याला जपणे हे कर्तव्यच आहे. आमची तक्रार फोटोबद्दल नाही, फोटोनंतर काय केले याबद्दल आहे.

त्या ‘काय केले’चे उत्तर बदलले ते औषधांनी, आणि त्यात मद्रासचा वाटा मोठा. स्ट्रेप्टोमायसिन 1944 पासून होते, 1952 साली आयसोनियाझिड आले. परंतु रोग्याला घरात ठेवून औषध द्यावे, की आरोग्यधामात डांबावे, हा वाद शिल्लक होता. 1956 साली मद्रासला निघालेल्या केंद्राने 193 गरीब रोग्यांचे दोन गट केले. एक गट दाटीवाटीच्या घरातच राहिला, दुसऱ्याला आरोग्यधामात खाटा, सकस अन्न आणि विश्रांती. औषध दोघांना तेच. 1959 साली निकाल छापून आला : वर्षाअखेर दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले होते; पुढच्या पाहणीत घरच्यांनाही लागण काही जास्त झालेली दिसली नाही. म्हणजे रोग्याला दूर लोटून जे साधावयाचे, ते औषध सुरू केल्याने साधत होते. आमच्या घरातल्या वेगळ्या पेल्याताटाला येथे उत्तर मिळाले होते. ते कवठ्यापर्यंत पोहोचावयास मात्र फार वर्षे लागली.

1959-60 हे जागतिक निर्वासित वर्ष म्हणून पाळले गेले. त्यात कॅनडाने आपला कायदा बाजूला ठेवून तीनशेहून अधिक क्षयरोगी निर्वासित मुद्दाम निवडून नेले, आणि त्यांची बायकामुले बरोबर नेली. त्यात दयेइतकाच व्यवहारही होता. नव्या औषधांमुळे कॅनडाच्या आरोग्यधामांतल्या खाटा रिकाम्या पडू लागल्या होत्या. मिरजेला रुग्णालय काढणारे डॉ. वानलेस मूळचे कॅनडाचेच, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

नंतरची हकिकत थोडक्यात. 2004-05 साली थायलंडातील वाट थाम क्राबोक छावणीतून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग निर्वासितांत औषधांना न जुमानणारा क्षय निघाला. नुसती थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तो सुटला होता. म्हणून 2007 पासून अमेरिकेने संशयिताच्या थुंकीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणे, सक्तीचे केले. ब्रिटनने 2012 पासून विमानतळावरचे फोटो बंद करून टप्प्याटप्प्याने ती तपासणी निघण्याच्या देशातच आणली. सहा महिन्यांहून अधिक राहावयास जाणाऱ्या भारतीयाला ठरवून दिलेल्या दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते सहा महिनेच चालते. रोग सापडला तर दार कायमचे बंद होत नाही. उपचार पुरे करून पुन्हा जाता येते.

परंतु मधल्या काळाचे काय? क्षय बरा झाला तरी फुप्फुसावर व्रण राहतो आणि फोटोला जुना व्रण व नवा रोग यांतला फरक नेहमीच कळत नाही. मग तीन दिवस थुंकी द्यावयाची आणि थांबावयाचे. इतर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, क्षयाच्या जंतूला त्यासाठी सुमारे अठरा-वीस तास लागतात. म्हणून ‘जंतू नाही’ असे खात्रीने म्हणावयास आठ आठवडे.

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीला विलायतेतल्या विद्यापीठात जागा मिळाली होती. फोटोत उजव्या बाजूला वर व्रण दिसला. तेव्हा आजीला आठवले, की पोर चार वर्षांची असताना सहा महिने सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या. घरात ते कधी कोणी बोलले नव्हते. कागदही ठेवला नव्हता. मुलगी तीन सकाळी डबीत थुंकून आली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘व्हिसा अडकलाय’ एवढेच सांगण्यात आले. आठव्या आठवड्यात निर्वाळा आला, तोवर वर्ग सुरू होऊन गेले होते. ती पुढच्या वर्षी गेली. जाताना तिने तो फोटो घडी न पाडता पेटीच्या तळाशी, दहावीच्या प्रमाणपत्राखाली ठेवला. आणि आजीने, इतक्या वर्षांनी, तो काय आहे हे शेजारणीला मोठ्याने सांगितले.