कंपवातावरील जनुकोपचार : शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

गोळी मानवली नाही तर बंद करता येते. मेंदूत सोडलेले जनुक मात्र परत काढून घेता येत नाही. जनुकोपचाराच्या हकिकतींत शस्त्रक्रियेच्या दिवसाचे वर्णन हमखास येते. पुढच्या पाच-दहा वर्षांत त्या रुग्णांचे काय झाले, हे क्वचितच वाचायला मिळते. कंपवाताच्या बाबतीत तरी महत्त्वाचे ते सारे या पुढच्या वर्षांतच कळले, असे आमचे मत आहे.

या विकाराचे पहिले नेटके वर्णन लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. रुग्णांच्या मेंदूच्या विशिष्ट भागात डोपामीन फारच कमी असते, हे १९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी दाखवले. त्यातून लेव्होडोपा हे औषध आले. पण ते डोपामीनची उणीव भरून काढते, पेशींचा ऱ्हास थांबवत नाही. मग पेशींनाच नवे जनुक द्यावे, ही कल्पना पुढे आली.

कल्पना आली त्या सुमारास या क्षेत्रावर दोन आघात झाले. १९९९ साली अमेरिकेत यकृताच्या विकारासाठी जनुकोपचार घेणारा अठरा वर्षांचा तरुण चार दिवसांत दगावला. दुसरा आघात उशिरा लक्षात आला. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेली बालके जनुकोपचाराने बरी झाली होती. त्यांपैकी काहींना उपचारानंतर अडीच-तीन वर्षांनी रक्ताचा कर्करोग झाल्याचे २००२ पासून दिसू लागले. जनुक वाहून नेणारा विषाणू पेशीच्या गुणसूत्रात नको त्या जागी शिरला होता. वर्षभरात पाहणी संपवली असती तर हा उपचार निर्धोक ठरला असता! अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली अशा रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याची सूचना काढली.

कंपवातासाठी बहुतेकांनी वेगळा वाहक निवडला. एएव्ही नावाचा हा विषाणू सहसा गुणसूत्रात शिरत नाही, पेशीकेंद्रात सुटा राहतो. चेतापेशींचे विभाजन होत नसल्याने जनुक तेथे वर्षानुवर्षे टिकावे, ही अपेक्षा होती. (अशा वाहकांसाठी पाहणीची मुदत २०२० च्या सुधारित सूचनेत पाच वर्षांपर्यंत ठेवली आहे.)

१८ ऑगस्ट २००३ रोजी न्यूयॉर्कमध्ये मायकेल कॅप्लिट आणि मॅथ्यू ड्युरिंग यांच्या गटाने कंपवाताच्या पहिल्या रुग्णावर हा प्रयोग केला. त्यांचे जनुक 'गॅड' हे विकर घडवणारे होते. मेंदूतील अतिउत्तेजित केंद्र त्यामुळे शांत होईल, असा कयास होता. पुढील चाचणीत काही रुग्णांवर शस्त्रक्रियेचे नुसते सोंग करण्यात आले. सहा महिन्यांनी जनुक मिळालेल्यांच्या हालचाली २३.१ टक्क्यांनी सुधारल्या होत्या; सोंग केलेल्यांच्याही १२.७ टक्क्यांनी! आशेचा हा परिणाम वजा केल्याशिवाय कंपवातातील कोणताच आकडा वाचू नये. ही पाहणी आणखी लांबवायची होती. पण २०१२ साली न्यूरोलॉजिक्स या प्रायोजक कंपनीचे दिवाळे निघाले आणि पैशाअभावी ती आवरती घ्यावी लागली. रुग्णांच्या मेंदूतील जनुकाला अर्थातच याची खबर नव्हती.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को येथे दहा रुग्णांना लेव्होडोपाचे डोपामीनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचे जनुक दिले होते. त्यांची चार वर्षांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध झाली. मेंदूच्या पेट चित्रणात विकराचे काम वाढलेले दिसत होते, आणि ते चारही वर्षे टिकले. हालचालींतील सुधारणा मात्र पहिल्या वर्षापर्यंतच होती; पुढे हळूहळू घसरण सुरू झाली. वर्गात हे दोन आलेख शेजारी काढून दाखवावेत: एक रेषा वर जाऊन सपाट राहते, दुसरी वर जाऊन उतरू लागते. जनुक काम करीत होते, पण भोवतीचा आजार थांबला नव्हता.

सर्वांत लांबची पाहणी न्यूरट्युरिन या चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ५८ रुग्णांच्या चाचणीत वर्षाअखेर जनुक आणि सोंग यांत फरक आढळला नाही. अठरा महिने पाहिलेल्या तीस जणांत थोडा फायदा दिसला, त्यावरून ५१ रुग्णांची दुसरी चाचणी झाली, तीही फसली. जनुक बंद पडले, की प्रथिनच निरुपयोगी होते? जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावून हे सांगता येत नव्हते.

उत्तर मिळाले ते शवविच्छेदनातून. उपचारानंतर एक रुग्ण आठ वर्षांनी, दुसरा दहा वर्षांनी वारला. दोघांच्या मेंदूंची तपासणी २०२० साली प्रसिद्ध झाली. जनुक दहा वर्षांनंतरही प्रथिन बनवत होते, आणि जेथे प्रथिन पोहोचले तेथे डोपामीन बनवणारे विकरही अधिक होते. पण ते क्षेत्र फारच लहान होते. शेताच्या एका कोपऱ्यालाच पाणी मिळावे तसे. वर्षभराच्या तक्त्यांनी 'उपयोग नाही' एवढेच सांगितले होते. औषध पुरेशा पेशींपर्यंत पोहोचले नव्हते, हे या दोन मेंदूंनी दाखवले. फसलेल्या चाचणीतील रुग्णांचा इतक्या वर्षांनी माग ठेवणे, हे आम्हाला मूळ शस्त्रक्रियेइतकेच अवघड काम वाटते.

द्रव कोठवर पसरतो हे शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआयवर पाहण्याची पद्धत दरम्यान आली होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा रुग्णांच्या चाचणीत पुटामेन या भागाचा २१, ३४ आणि ४२ टक्के हिस्सा तीन गटांत व्यापला गेला. याच उपचाराची मोठी चाचणी सुरू झाली, पण नंतरच्या एमआरआय तपासण्यांत काही रुग्णांच्या मेंदूत अनपेक्षित बदल आढळले, आणि डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ती रोखून धरली.