माळवद, पन्हळ आणि पावसाचें पाणी

कुर्डुवाडीच्या परिसरांत पाऊस बेताचाच; त्यामुळें कोंकणासारखें उतरतें छप्पर येथें आवश्यक झालें नाहीं. जुन्या घरांवर माळवद असे. तुळयांवर कड्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि वर चोपून बसविलेली पांढरी माती. माळवदास पन्हळीकडे किंचित् उतार देत, आणि पन्हळ भिंतीबाहेर पुरेशी काढीत. नाहींतर भिंत पायाशीं खचे.

माळवद टिके तें निगेवर. मृगापूर्वीं गवत उपटणें, भेगा बुजविणें, पन्हळ मोकळी करणें ही कामें चुकलीं कीं तुळई कुजे. पुष्कळ घरीं मात्र गळती दिसतांच वर नवी माती घालीत. गळती थांबे, भार वाढे.

१८९७ सालीं कुर्डुवाडीहून, म्हणजे तेव्हांच्या बार्शी रोड स्थानकाहून, बार्शीपर्यंत छोटी आगगाडी सुरू झाली. १९११ सालीं ती लातुरास पोहोंचली. लोखंडी पत्रे दूरवरून आणणें सुकर झालें. तरी माळवदें राहिलीं, कारण पत्रा उन्हांत तापे आणि माती घर गार राखी.

त्याच लातूर भागांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती ढांसळल्या आणि छपराच्या ओझ्याखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. भिंतींची बांधणी कच्ची होती हें खरेंच; परंतु माथ्यावरचा भार पिढ्यान्‌पिढ्या वाढला होता तो गळतीच्या भीतीनें. पन्हळ साफ करण्यास एक दुपार पुरते.