आठ आण्यांची गाडीवाट

सोयाबीनची गंजी लागलेली असते, कयाधू नदीच्या बाजूनं ढग भरून येत असतात आणि हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, घेऊन आलेला ट्रॅक्टर तीन शेतं अलीकडंच थांबलेला असतो. पुढं वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या. सेनगाव तालुक्याच्या शिवारात ऑक्टोबरात फिरलं की हे कुठं ना कुठं दिसतंच. हडंबेवाला घाई करतो, त्याला अंधार पडायच्या आत आणखी दोन ठिकाणं गाठायची असतात. मग गंजीचा मालक शेजाऱ्याच्या आखाड्यावर जातो.

"भाऊ, एवढी गंजी निघू द्या, मग बसून बोलू."

"वाट आमच्यातून नाहीच. नकाशात कुठंय, दाखव."

"आमच्या आज्याच्या काळापासून वहिवाट हाय की!"

या शेवटच्या वाक्यातल्या एका शब्दावर पुढं तहसील कचेरीतली आख्खी फाईल उभी राहते. तो शब्द आपण इतका वापरतो, की तो कुठून कुठं गेला याचा विचारच करत नाही.

वहिवाटीच्या पोटात वाट उघड दिसते. पावलांनी, बैलांनी, चाकांनी वाहती राहिलेली, रुळलेली वाट. तिथून अर्थ सरकला रीतीकडं: असंच चालत आलंय, ते. रीतीवरून तो चालवण्याकडं गेला. जुन्या कागदांत वतनाची वहिवाट कोणी करायची यावरून भावाभावांत तंटे दिसतात. तिथं वहिवाट म्हणजे कारभार. बडोदे संस्थानात तर तालुक्याच्या मुख्य अधिकाऱ्यालाच वहिवाटदार म्हणत, आणि गुजरातीत आजही वहीवट म्हणजे कारभारच. आपल्याकडं मात्र शब्द शेतात परतला. 'ताबा आणि वहिवाट' ही जोडी प्रत्येक दाव्यात असते. चालण्याचा शब्द कसण्याचा झाला आणि कसण्याचा हक्काचा. भाषेनं इथं एक भूमिकाच घेतलेली आहे असं मला वाटतं: जो वापरतो, त्याचं काहीतरी लागतं.

नकाशे नव्हते तेव्हा वाट कुणाच्या ध्यानात असे? गावच्या महार वतनदाराच्या. शिवेचा दगड कुठं होता, ओढा कुठून वळला, कोणत्या लिंबाखालून गाडी जायची, याची साक्ष त्याची चाले आणि पाटील-कुलकर्ण्यांनाही ती मानावी लागे. ज्याच्या साक्षीवर शिवारातल्या वाटा ठरत, त्यालाच गावातल्या कितीतरी वाटांवरून आणि पाणवठ्यावरून दूर ठेवलं जाई. वहिवाटीचा इतिहास सांगताना हे गाळलं तर तो खोटा ठरेल.

मग साखळी आली. सेनगावचा हा मुलूख निजामाच्या राज्यात. निजामाचा दिवाण सालारजंग यानं 1865 साली जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडले, आणि पुढं मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. मुंबईच्या पद्धतीत मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे भाग 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. गावनकाशातल्या वाटा याच मापानं बसल्या. ग्रामीण गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात, त्याची रुंदी साडेसोळा ते 21 फूट. पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं, सव्वाआठ फूट. हे आकडे आज विचित्र वाटतात, पण साखळी हातात धरली की उलगडतात: साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी, आठ आणे, सव्वाआठ म्हणजे पाव साखळी, चार आणे. आठ आण्यांची गाडीवाट, चार आण्यांची पायवाट.

खरी गोम यापुढं आहे. गावातून गावाला जाणाऱ्या वाटा नकाशात आल्या, शीवरस्ते आले, पण आपापल्या शेतात जाण्याच्या वाटा आल्याच नाहीत. तेव्हा त्याची गरजही भासली नसावी. शेतं मोठी होती, पीक निघालं की शिवार मोकळं व्हायचं आणि बैलगाडी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधांवरून, निघून जायची. म्हणून "नकाशात दाखव" हा सवाल बहुतेक वेळा न्यायाचा नसतोच. जी वाट कधी काढलीच गेली नाही, ती नकाशात दिसणार कशी?

नंतर वाटण्या झाल्या. चार भावांत शेत फुटलं, रस्त्याकडचा तुकडा एकाला आणि ओढ्याकडचा दुसऱ्याला गेला, आणि वाटणीपत्रात वाटेबद्दल एक ओळही लिहिली नाही. का लिहावी? भाऊच होते. पुढच्या पिढीत ते चुलतभाऊ झाले, त्याच्या पुढच्या पिढीत नुसते शेजारी. दरम्यान नांगराच्या दर फेरीला धुरा वीतभर कोरला गेला. बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, त्यामागं हडंबा, आणि त्यांना धुऱ्यावरची दोन हातांची पट्टी पुरेना. वाट अरुंद होत गेली आणि वाहन रुंद. आजच्या बहुतेक भांडणांचं मूळ मी इथं धरतो, माणसांच्या स्वभावात नाही.

कायद्यानं या वाटेला नावं बरीच दिली. 1882 च्या कायद्यात ती 'सुविधाधिकार' आहे. हा शब्द मी सेनगावच्या बाजारात कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. तो कायदा सांगतो, की शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता 20 वर्षं वाट वापरली तर हक्क पक्का होतो. 'हक्क म्हणून' या दोन शब्दांवर जरा थांबायला हवं. शेजाऱ्यानं आपुलकीनं "जा बाबा, तुझंच शेत समज" म्हटलं असेल, तर ती परवानगी झाली, आणि परवानगीतून असा हक्क उभा राहत नाही. म्हणजे ज्यानं मोठ्या मनानं वाट दिली, त्याच्या मोठेपणाचाच पुरावा वाट मागणाऱ्याच्या विरोधात जातो. उलट वाट देणाऱ्याला भीती, की आज जाऊ दिलं तर उद्या हा मालकी सांगेल. दोघंही खोटे नसतात. जुन्या वहिवाटीत माणुसकी आणि हक्क एकाच चाकोरीतून चालत होते. कोर्टात आल्यावर त्यांना वेगळं व्हावं लागलं.

आपल्या शेतकऱ्याचं सुदैव, की त्याच्यासाठी कोर्टाच्या अलीकडं एक दार आहे. मुंबई इलाख्यात 1864 पासून अशा तंट्यांसाठी मामलेदारांची न्यायालयं होती; 1876 ला कायदा नव्यानं झाला आणि 1906 चा कायदा आजही चालतो. वाट अडवली तर अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच्या कलम 5 खाली अर्ज करायचा. मराठवाड्यात मामलेदार हा शब्द मात्र परका. निजामाचा महसूल कायदा 1317 फसलीचा, आणि कचेरीतला साहेब तेव्हापासून तहसीलदारच. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढं कायदेही आले. म्हणून सेनगावचा तहसीलदार निकाल देतो तो मामलेदार न्यायालयाच्या नावानं.

दुसरं दार 1966 च्या महसूल संहितेच्या कलम 143 चं. ही संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून लागू आहे. दोन्हींतला फरक लोक सर्रास विसरतात आणि अर्ज चुकतो. असलेली वाट कुणी अडवली तर कलम 5. वाटच नसेल आणि गटांच्या हद्दीवरून ती मिळवायची असेल तर कलम 143. त्यात तहसीलदारानं शेतकऱ्याची शेतात जाण्याची वाजवी गरज पाहायची, असं कायद्यातच लिहिलं आहे. निकाल पटला नाही तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

पण निकालाचा खरा दिवस असतो स्थळपाहणीचा. नांगरून टाकलेली जुनी वाट काळ्या रानात लपत नाही. पिढ्यान्‌पिढ्या दबलेल्या पट्ट्यात पीक बुटकं राहतं. आजूबाजूला सोयाबीन गुडघ्याला लागत असताना मधली एक ओळ मांडी घालून बसल्यासारखी दिसते. कडेला बाभळी आणि लिंब रांगेत उभे असतात, कारण गाडीच्या वाटेत झाड कुणी वाढू देत नाही आणि वाटेच्या कडेचं कुणी तोडत नाही. हरळी तिथंच चिवट धरते. जाणता मंडळ अधिकारी कागद उघडायच्या आधी हे पाहतो. मग तो आसपासच्या म्हाताऱ्यांना विचारतो, "आबा, तुमची गाडी कुठून जायची?" आबा तोंडानं सांगत नाहीत, चालायलाच लागतात. सगळे त्यांच्या मागं.

तडजोड झाली तर ती याच वेळी होते. मोकळ्या रानात, चार शेजाऱ्यांसमोर, माणसाला आपल्या बापाची गाडी आठवते. झालेली तडजोड त्याच दिवशी लिहून घ्यावी: रुंदी किती, कुठून कुठपर्यंत, कुणाकडून किती. 22 मे 2025 च्या शासन निर्णयानं शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी असं ठरवलं. मला हा निर्णय मोलाचा वाटतो, कारण नकाशात कधीच न आलेली वाट आता निदान कागदावर येईल. वाट देणाऱ्यालाही तो रकाना राखतो. त्यात लिहिलं जातं ते जाण्या-येण्यापुरतं. मालक तोच राहतो.

मग टेप निघते. धुऱ्याच्या मधोमध खुंटी ठोकतात आणि दोन्हीकडं सारखं माप घेतात. टेपचं एक टोक गंजीवाल्याच्या हातात असतं, दुसरं आखाड्यावरच्या भावाच्या. "ढिली सोडू नका," मंडळ अधिकारी म्हणतो, आणि दोघंही टेप ताणून धरतात.