धंद्याचें ऋण कोणाचें?

नवा धंदा काढणारा मनुष्य प्रथम भांडवलाचा विचार करतो, मग जागेचा, मग गिऱ्हाइकाचा. धंद्यास कायद्याच्या दृष्टीनें कोणतें रूप द्यावें, हा प्रश्न त्यास बहुधा वकिलाच्या कचेरींत आठवतो, व तेथेंही तो केवळ कागदपत्रांचा समजला जातो. वास्तविक त्यांत दुसराच एक प्रश्न दडलेला असतो: धंदा बुडाल्यास त्याचें ऋण कोणीं फेडावयाचें? या प्रश्नाचें उत्तर ज्या खटल्यानें कायम झालें, तो लंडनमधील एका बूट करणाऱ्या कारखानदाराचा होता. त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें.

आरन सालोमन हा व्हाइटचॅपेल भागांत तीस वर्षांहून अधिक काळ कातड्याचा व्यापार व बुटांचा कारखाना एकट्याच्या मालकीनें चालवीत होता. मुलगे हाताशीं आले, आणि धंद्यांत आपणांसही वांटा असावा असा त्यांचा आग्रह सुरू झाला. तेव्हां १८९२ सालीं त्यानें मर्यादित जबाबदारीची कंपनी नोंदविली. कायद्यास सात सभासद हवे होते. सालोमन, त्याची पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे मिळून ते घरांतच भरले. एकेका पौंडाच्या २०,००७ भागांपैकीं सहा आप्तांकडे प्रत्येकीं एक, व उरलेले २०,००१ सालोमनकडे राहिले. कंपनीनें त्याचा कारखाना सुमारें ३९,००० पौंडांस विकत घेतला व किंमतीपैकीं १०,००० पौंडांचे तारणी कर्जरोखे त्यास दिले. म्हणजे एकाच धंद्याचा तो मालकही झाला आणि पहिल्या हक्काचा सावकारही झाला!

पुढें बुटांच्या धंद्यास मंदी आली, संप झाले. सालोमननें आपले रोखे ब्रॉडरिप नांवाच्या गृहस्थाकडे ठेवून ५,००० पौंड उभे केले व ते कंपनीस दिले. तरी १८९३ सालीं कंपनी बुडाली. ब्रॉडरिपचें देणें भागल्यावर सुमारें १,०५५ पौंड उरत होते. रोख्यांच्या आधारें ते सालोमन मागूं लागला. इकडे ज्यांच्यापाशीं तारण नव्हतें, अशा धनकोंचें ७,००० पौंडांहून अधिक देणें थकलें होतें. त्यांच्या हातीं कांहींच लागणार नव्हतें.

पहिल्या न्यायालयानें ठरविलें कीं, कंपनी ही सालोमनची नुसती मुखत्यार. अपिलाच्या न्यायालयानें तिला त्याची विश्वस्त ठरवून ही सारी व्यवस्था कायद्याच्या हेतूविरुद्ध आहे असें सांगितलें. तोंवर सालोमन इतका नागवला होता कीं, लॉर्डांच्या सभेपुढील अपील त्यास निर्धन म्हणून चालवावें लागलें. तेथें १६ नोव्हेंबर १८९६ रोजीं निकाल एकमतानें फिरला. कायदा सात सभासद मागतो. ते परस्परांचे आप्त नसावेत, असें तो कोठेंही सांगत नाहीं. कंपनी रीतसर नोंदली गेली कीं ती सभासदांहून निराळी व्यक्ति होते, आणि तिचें ऋण तिचेंच. आपण आतां एका मनुष्याशीं नव्हे, कंपनीशीं व्यवहार करीत आहों, हें धनकोंस ठाऊक होतें, असेंही न्यायमूर्तींनीं बजाविलें.

हा निकाल कित्येकांस निष्ठुर वाटला असल्यास नवल नाहीं. लागलीच १८९७ सालीं पार्लमेंटनें कायदा करून, धंद्याच्या चालत्या मालमत्तेवरील अशा रोख्यांच्या आधीं मजुरांच्या थकलेल्या वेतनास कांहीं मर्यादेपर्यंत स्थान दिलें.

आमच्याकडे मर्यादित जबाबदारी १८५७ च्या कायद्यानें आली. पण ऋणाची आमची कल्पना निराळी होती. मुंबई इलाख्यांत बापानें कवडीही न ठेवली तरी त्याचें कर्ज मुलाच्या माथीं येत असे. १८६६ च्या मुंबईच्या कायद्यानें वारसाची जबाबदारी हातीं आलेल्या मालमत्तेपुरतीच ठेविली. जो समाज पित्याचें ऋण पुत्राचें मानीत आला, त्यास स्वतःच्याच धंद्याचें ऋण स्वतःचें नव्हे, हें पटणें सोपें नव्हतें.

आज निवड पुष्कळ आहे. एकट्याच्या धंद्यांत घरदारही ऋणास बांधलेलें असतें. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारींत एका भागीदारानें धंद्यासाठीं केलेलें कर्ज दुसऱ्याच्या घरापर्यंत पोंचतें. २००८ च्या कायद्यानें भागीदारीसही मर्यादा घालतां येते. आणि सालोमनला ज्यासाठीं सहा आप्त गोळा करावे लागले, तें २०१३ च्या कंपनी कायद्यानें एकट्या मनुष्यास उघडपणें करतां येतें.

तथापि नवोदित धंदेवाल्यास आमचें एक सांगणें आहे. लहान कंपनीस कर्ज देतांना बँका बहुधा मालकाची वैयक्तिक हमी मागतात, आणि कायद्यानें तोडलेला दोर त्या एका सहीनें पुनः जोडला जातो. मर्यादेचा लाभ मग उरतो तो मुख्यतः माल उधार देणाऱ्या लहान व्यापाऱ्याविरुद्ध, कारण त्यास हमी मागण्याचें बळ नसतें. म्हणून धंद्याचें रूप निवडतांना आपलें घर कसें वांचेल एवढेंच न पाहतां, धंदा बुडाल्यास कोणाचें घर बुडेल, हेंही पाहावें. सालोमनच्या यादींतील त्या बिनतारणी धनकोंचीं नांवें आज कोणास आठवत नाहींत. पण नुकसान त्यांनींच सोसलें.